गावानं मत कुणाला दिलं, हे गावाला कळायलाच पाहिजे का?

पोस्ट लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हाच वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

लोकसभेचा निकाल आपल्याकडं दोनदा लागतो. पहिला परभणीत लागतो, त्यात खासदार कोण झाला ते कळतं. दुसरा त्यानंतर दोन-चार दिवसांनी मोबाईलवर लागतो. बूथ नंबर, गावाचं नाव आणि पुढं प्रत्येक उमेदवाराचे आकडे. या दुसऱ्या निकालात उमेदवार हरत-जिंकत नाही. यात गल्ल्या हरतात, वस्त्या हरतात. "त्या बूथवर आपल्याला एवढेच कसे पडले?" इथून सुरू होतं आणि कुठं जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. नोकरीत असताना लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत कितीतरी निवडणुकांची ड्युटी केली. पेट्या वाहिल्या, मशीन वाहिल्या, परक्या गावच्या शाळेत फरशीवर झोपलो. त्यामुळं मत कसं पडतं, कसं मोजलं जातं, कुठं झाकलं जातं आणि कुठं उघडं पडतं, हे जवळून बघितलं आहे. त्यावरच लिहितो आहे. कोणत्याही पक्षाच्या बाजूनं किंवा विरोधात ही पोस्ट नाही, हे आधीच सांगतो.

सुरुवात आपल्या परभणीच्या पहिल्या खासदारापासून करतो. नव्या पोरांना विचारलं तर दहातल्या नऊ जणांना नाव सांगता येत नाही. नारायणराव वाघमारे. १९५२ साली शेतकरी कामगार पक्षाकडून ते परभणीतून लोकसभेवर गेले.

हे सोपं नव्हतं. तेव्हा आपण महाराष्ट्रात नव्हतो, हैदराबाद राज्यात होतो. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, १७ सप्टेंबरला निजामाची सत्ता संपली. त्याला जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. निजामाच्या राज्यात सगळ्या प्रौढांना मत हा प्रकारच नव्हता. काँग्रेसच्या मागं स्वातंत्र्याच्या लढ्याची पुण्याई होती, दिल्लीत नेहरू होते, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ स्वतः गुलबर्ग्यातून काँग्रेसचे उमेदवार होते आणि निवडून आले. हैदराबाद राज्यात लोकसभेच्या २५ जागा होत्या. त्यातल्या १४ काँग्रेसला मिळाल्या. शेकापला मिळाली एकच, ती परभणीची. अख्ख्या देशात शेकापचे दोनच खासदार होते, एक सोलापूरचे शंकरराव मोरे आणि दुसरे आपले वाघमारे.

त्याच राज्यात तिकडं तेलंगणात नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी निवडून आले, तेही काँग्रेसच्या विरोधात. त्यांना खुद्द नेहरूंपेक्षा जास्त मतं पडली होती.

आता विचार करा. साडेतीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या माणसाला जागीरदारापुढं मान वर करायची सोय नव्हती, त्यानं पहिल्याच संधीला सरकार पक्षाच्या विरोधात मत दिलं. १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला होता, पण कागदावरचा कायदा आणि बांधावरची वागणूक यात किती अंतर असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. जमीन दुसऱ्याची, बैल दुसऱ्याचे, पाडव्याला ज्याच्याकडं साल धरलं त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही. अशा माणसाला हे धाडस कुठून आलं?

मला वाटतं, त्याचं अर्धं उत्तर पेटीत आहे.

त्या निवडणुकीत आजच्यासारखी मतपत्रिका नव्हती. देशात १७ कोटींच्या वर मतदार आणि बहुतेकांना अक्षरओळख नाही. म्हणून निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली. पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, बाकीच्यांची आपापली. अशा वीस लाखांहून जास्त लोखंडी पेट्या देशभर गेल्या. मतदारानं कागद घ्यायचा, आडोशाला जायचं आणि आपल्याला पाहिजे त्या पेटीत टाकायचा. शिक्का नाही, खूण नाही, सही नाही.

माझ्या आज्जीनं त्या निवडणुकीत मत दिलं होतं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. लहानपणी आम्ही विचारायचो तेव्हा ती म्हणायची, "आडोशाला गेलं की आपुन आन पेट्या. दुसरं कुनी न्हाई. मालक न्हाई, मालकीन न्हाई, तुझा आज्जा बी न्हाई." आज्जाचं नाव घेताना ती हसायची. कुणाला मत दिलं ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आज्जानं विचारलं तरी नाही.

त्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी यादीत स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहून घेतलेलं. अशी जवळपास २८ लाख नावं आयोगाला वगळावी लागली. त्या काळात मराठवाड्यातल्या खेड्यातली एक बाई नवऱ्याला न सांगता मत देऊन येते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

पेटीच्या पद्धतीत भोकंही होती. कागद पेटीत न टाकता पदराआड बाहेर आणता यायचा. अशा अडचणींमुळं पुढं शिक्का मारायची मतपत्रिका आली, १९६२ ची लोकसभा तशी झाली. पण तत्त्व तेच राहिलं. तुझं मत तुझ्यापाशी.

आणि परभणीनं हे तत्त्व चांगलं वापरलं. जरा यादी बघा. १९६२, ६७, ७१ ला काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख. १९७७ ला शेकापचे शेषराव देशमुख. १९८० आणि ८४ ला काँग्रेसचे रामराव यादव. १९८९ ला अशोकराव देशमुख आले आणि इथं शिवसेनेचं पर्व सुरू झालं. तरी १९९८ ला मधेच काँग्रेसचे सुरेश वरपूडकर निवडून आले. पुढच्याच वर्षी १९९९ ला पुन्हा शिवसेनेचे सुरेश जाधव. मग तुकाराम रेंगे, गणेशराव दुधगावकर आणि २०१४ पासून संजय जाधव. टीव्हीवाले परभणीला बालेकिल्ला म्हणतात. मी म्हणतो, सात दशकांचा हिशोब काढला तर हा कुणाचाच किल्ला नाही. लोकांनी ज्याला ठेवायचं त्याला ठेवलं, काढायचं त्याला काढलं.

यातलं १९७७ विशेष. आणीबाणी शिथिल होऊन निवडणूक लागली होती, पण भीती गेली नव्हती. मोठी माणसं पारावर राजकारण बोलायची नाहीत. कुणी विचारलं तर "बघू की" म्हणायची. आणि मोजणी झाली तर महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २०. शेकापचे पाच खासदार, त्यातले तीन आपल्या मराठवाड्यातले: परभणीचे शेषराव देशमुख, नांदेडचे केशवराव धोंडगे, लातूरचे उद्धवराव पाटील. तोंडानं गप्प असलेला माणूस मतानं बोलला. गुप्त मतदान नसतं तर हे झालं असतं का?

आता २०२४ वर येतो.

२६ एप्रिलला मतदान झालं. शिवसेना फुटलेली, धनुष्यबाण शिंदे गटाकडं गेलेला आणि महायुतीनं परभणीची जागा रासपच्या महादेव जानकरांना सोडलेली. त्यामुळं १९९१ पासून प्रत्येक लोकसभेला दिसणारा धनुष्यबाण या वेळी मशीनवर नव्हताच. मशाल होती, शिट्टी होती. वंचितकडून तर हवामानवाले पंजाबराव डखही उभे होते. पण चिन्हांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच घडत होती. शेजारच्या जालन्यात अंतरवाली सराटीतून आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं, त्याला उत्तर म्हणून ओबीसींचे मेळावे चाललेले. प्रचारात पाणी, पीकविमा, कापूस-सोयाबीनचा भाव हे विषय मागं पडले. उमेदवार कोणत्या समाजाचा, हाच विषय राहिला. संजय जाधव १ लाख ३४ हजारांच्या फरकानं निवडून आले. इथवर ठीक. लोकशाहीत एक जिंकतो, बाकीचे हरतात.

पण दुसरा निकाल लागला आणि तो मात्र जड गेला.

आमच्या भागातल्या एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगणार नाही, कारण ते कोणतंही गाव असू शकतं. निकालानंतर बूथनिहाय आकड्यांचा फोटो ग्रुपवर आला. कुणीतरी एका बूथभोवती लाल गोल काढला. खाली दोनच शब्द: "ध्यानात ठेवा."

त्या बूथवर एका वस्तीची नावं जास्त आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत. पुढं पेरणीचे दिवस. त्या वस्तीतल्या एका जणाला दरवर्षीचं ट्रॅक्टर मिळालं नाही. "रिकामं न्हाई," एवढंच उत्तर. दुसऱ्या बाजूलाही तेच. त्या वस्तीतल्या पोरांनी ज्या दुकानात वर्षानुवर्षं उधारी चालायची ते दुकान सोडलं. ना भांडण, ना मारामारी. नुसतं येणं-जाणं बंद. लग्नाची पत्रिका द्यायला माणूस न पाठवता मोबाईलवर पाठवायची. ज्याला ट्रॅक्टर मिळालं नाही त्याची माझी ओळख आहे. तो म्हणाला, "गुरुजी, मी तर त्यायच्याच उमेदवाराला मत देलं होतं. पन सांगू कोनाला? आन सांगितलं तर वस्तीवाले काय म्हनतील?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानं मत आपल्या बुद्धीनं दिलं. पण शिक्षा मिळाली ती बूथच्या आकड्याप्रमाणं. आणि खरं सांगून सुटका करून घ्यायची सोय नाही, कारण खरं सांगितलं तर दुसरीकडून मार.

हे होतं कसं? इथं जरा तांत्रिक सांगतो, मास्तरकीची सवय.

मतदारयादी भागवार असते. एका भागात शेजारशेजारची घरं येतात. आणि आपल्या गावात शेजार म्हणजे बहुतेक वेळा भावकी किंवा एक समाज. म्हणजे बूथ म्हणजे जवळजवळ गल्ली. लहान गाव असेल तर सगळं गावच एक बूथ, वस्ती-तांड्याचा वेगळा बूथ असेल तर तिथं चार-पाचशे मतं. मोजणीत प्रत्येक बूथचं मशीन वेगळं उघडतात आणि उमेदवारवार आकडे एजंटांसमोर लिहितात. नंतर ते सगळे आकडे एका तक्त्यात येतात, तो नमुना २०. तो जाहीर असतो, त्यात लपवाछपवी नाही. व्यक्तीचं मत कुणालाच कळत नाही, ते शंभर टक्के गुप्त आहे. पण वस्तीचं मत उघडं पडतं. आणि आपल्या गावात माणसाला वस्तीवरूनच ओळखतात.

कागदाच्या मतपत्रिका होत्या तेव्हा यावर एक सोय होती. निवडणूक नियमांत ५९-अ असा नियम आहे. त्याप्रमाणं आयोगानं ठरवलेल्या मतदारसंघात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका आधी मोजून एकत्र मिसळायच्या आणि मग उमेदवारवार वेगळ्या करायच्या. कोणत्या गावची मतपत्रिका कोणती, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. नियम केला होता तोच मतदारांना धमकावण्याची भीती असते म्हणून. २००४ ची लोकसभा पूर्ण मशीनवर झाली. मोजणी झटपट झाली, बाद मतं गेली, बूथ बळकावणं अवघड झालं. ही मशीनची चांगली बाजू मी स्वतः बघितली आहे. पण मिसळणं मात्र बंद झालं, कारण एका मशीनमधलं मत दुसऱ्या मशीनमधल्या मतात मिसळता येत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. टोटलायझर नावाचं यंत्र आहे. चौदा बूथची मशीन त्याला जोडायची आणि चौदाही बूथचा एकत्र आकडा घ्यायचा. आयोगानं हा प्रस्ताव २००८ मध्येच दिला होता. २०१५ मध्ये विधी आयोगानं आपल्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली. केंद्र सरकारनं मात्र न्यायालयात विरोध केला. कारण काय दिलं? बूथनिहाय आकड्यांवरून कुठं काम कमी पडलं ते पक्षांना आणि उमेदवारांना कळतं.

कळतं, हे खरं आहे. पण कुठं काम वाढवायचं ते ज्या आकड्यावरून कळतं, त्याच आकड्यावरून कुणाचं काम अडवायचं तेही कळतं. रस्त्याचं डांबर कोणत्या वस्तीच्या अलीकडं थांबतं, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. गावात फिरून या.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये तुम्ही मांडणारच आहात. काही जण म्हणतील, बूथचे आकडे झाकले तर गडबड पकडायची कशी? प्रश्न बरोबर आहे. पण एका बूथवर एकूण किती मतदान झालं, हा आकडा झाकायचा नाहीच. तो मतदान संपल्यावर नमुना १७-क वर एजंटच्या हातात मिळतो, तसाच मिळाला पाहिजे. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताळा घेतात, तोही घ्यावा. झाकायचं ते एवढंच, की या शे-दोनशे घरांनी कुणाला किती दिलं. माझ्या मते पारदर्शकता मोजणीत पाहिजे, मतदाराच्या मनात नको.

कायदाही याच बाजूनं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम सांगतं की कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कुणावरही करता येत नाही. १२८ वं कलम मतदानाची गुप्तता फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, एजंटाला तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगतं. ड्युटीच्या आधी आम्हाला हे वाचून दाखवायचे. १२३ व्या कलमात मतदाराला सामाजिक बहिष्काराची, जातीबाहेर काढण्याची धमकी देणं हा भ्रष्ट आचार धरला आहे. महाराष्ट्रात तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण ट्रॅक्टर रिकामं नाही म्हणणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसवणार? लाल गोलाला कोणतं कलम लावणार? कायद्याच्या हातात न येणारं हेच तर दुखणं आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

एक, टोटलायझरची मागणी आपल्याकडून गेली पाहिजे. हा विषय परभणीच्या खासदारांनी लोकसभेत मांडावा. मी कोणत्याही पक्षाच्या खासदाराला हेच म्हटलं असतं. एकत्र आकडा आला तर त्यांचंही भलं आहे. आज ज्या वस्तीनं कमी मतं दिली तिचं काम केलं तर कार्यकर्ते रुसतात. आकडाच नसेल तर रुसायचं कशावरून?

दोन, कायदा होईल तेव्हा होईल, तोवर आपल्या हातात आहे ते करू. बूथचा तक्ता आला तर गोल काढून पुढं ढकलू नका. ग्रुपचे ॲडमिन असाल तर असला फोटो आल्या-आल्या काढून टाका. कुणी "तुमच्या गल्लीनं दगा दिला" म्हटलं, तर दगा कशाचा ते विचारा. मत हे काही कुणाकडून उसनं आणलेलं नसतं, की वेळेवर परत केलं नाही म्हणून दगा व्हावा. आणि समोरच्या बाजूच्या पोरांनाही तेच सांगतो. दुकान सोडून, पत्रिका टाळून तुम्हीही त्याच तक्त्याला मान देता आहात.

निवडणुका येतच राहणार. झेडपी आहे, पंचायत समिती आहे, ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायतीत तर एका वॉर्डात तीन-चारशे मतं, तिथं कोण कुठं बसला हे चपलांवरून ओळखतात. मोठ्या निवडणुकीत निदान एवढी मोकळीक शिल्लक राहावी, की माणसाला आपल्या भावकीच्या, आपल्या समाजाच्या, आपल्या मालकाच्या मनाविरुद्ध बटण दाबता येईल आणि दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसता येईल. वाघमारे निवडून आले तेव्हा आपल्याकडच्या गरिबाकडं ना जमीन होती, ना शिक्षण, ना रस्ता. एक आडोसा होता. तेवढ्यावर त्यानं राज्यातला शेकापचा एकुलता एक खासदार निवडून दिला.

तुमच्या घरात १९५२ चं, ५७ चं मतदान आठवणारं कुणी असेल तर त्यांना पेट्यांबद्दल विचारा आणि इथं लिहा. आता फार थोडी माणसं राहिली आहेत. फक्त एक करा, मत कुणाला दिलं होतं ते विचारू नका.